फक्त बोलण्याचा पॅक

बोगद्याचा कॅम्प, कारगिलच्या पुढे
९ एप्रिल २०२५

ती. आईला सुयोगचा सा. न. वि. वि.

वि. वि. म्हणजे काय ते शाळेत कळलं नाही, नंतर शाळाच सुटली. पण पत्राला ते लागतं म्हणून घातलंय. आठवी नापास पोरगा पत्र लिहायला बसला म्हणून हसू नकोस. तुझ्याशी फोनवर ओरडून ओरडून घसा बसला, म्हणून ही पाळी आली.

झालंय काय, माझं मुंबईचं कार्ड इथे चालत नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड या भागात शिरलं की बंदच पडतं. निघताना कोणी सांगितलं नव्हतं. मग इथलं नवीन कार्ड घेतलं. कॅम्पात एकाच कंपनीची रेंज येते, तीपण खडी फोडायच्या मशीनच्या मागे, दगडावर चढून उभं राहिलं तर. नेटचं नाव नाही, फक्त बोलणं. आणि मागे अर्धा कॅम्प रांगेत उभा, ज्याला त्याला आपल्या आईशी नाहीतर बायकोशी बोलायचंय. अशात मी ओरडतो आणि तू म्हणतेस आवाज येत नाही, मुंगी बोलल्यासारखं येतंय. मला तर तुझा आवाज ठणठणीत येतो. बाजूचे लोकपण ऐकतात, इतका. म्हणजे माझी कंपनी बरोबर आहे, तुझी बोगस.

तर असं कर. स्टेशनाबाहेर तो छत्रीखाली बसतो ना कार्डं विकत, अनिरुद्ध, त्याच्याकडे जा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलून दे म्हणावं. आपल्याला गाणी नको, पिक्चर नको. स्वस्तातली बघ, पण आवाज आला पाहिजे. मी इथे चार जणांना विचारलं. चौघांनी चार कंपन्या सांगितल्या आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या कंपनीला शिव्या दिल्या. म्हणून नाव लिहीत नाही. अनिरुद्ध सांगेल ती घे.

शिफ्ट सुटली की रोज एक रिंग देतो ती देत राहीन. उचलू नकोस, बाबांच्या वेळेपासूनची आपली पद्धत आहे. रिंग आली म्हणजे पोरगा बोगद्यातून बाहेर आला. मेसेज पाठवला असता, पण तू मेसेज उघडतच नाहीस, सगळे कंपनीचेच असतात म्हणून.

दमलोय. बाकी ठीक.

माया आहे तेवढी ठेव.
सुयोग

०

मुलुंड कॉलनी
२५ एप्रिल २०२५

चि. सुयोग यास आईचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दोनदा येऊन परत गेला म्हणे. मी घरातच होते, मेल्याने दारच वाजवलं नसणार. शेवटी शेजारच्या चेतनाने घेऊन ठेवलं. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लागतं. माझी चौथी झालेली, मला सावकाशच वाचायला लागतं, त्यामुळे पत्र बरेच दिवस पुरलं.

छत्रीवाल्याकडे जाऊन आले. तो रोजच्या नेटचा मोठा पॅक गळ्यात मारायला बघत होता. त्यात सिनेमे आहेत, क्रिकेट आहे, अजून काय काय आहे. मी म्हटलं माझा बटणाचा फोन, क्रिकेट काय बटणावर बघू? सगळ्यात स्वस्त, फक्त बोलण्याचा दे. तर म्हणतो असा पॅक आता कोणी मागत नाही मावशी, कंपनीपण तो शेवटी कुठेतरी लपवून ठेवते. शोधून दिला बिचाऱ्याने. तीनतीनदा विचारत होता काहीतरी. रस्त्यावर गोंगाट केवढा, मी हो हो म्हटलं.

आपला कुकर बिघडलाय. शिट्टीच देत नाही, भाताचा गिचका होतो. इरावतीबाईंचा कुकरपण तसाच झालाय, हल्ली सगळ्याच वस्तू सारख्या. त्यांनी मला दाराची किल्ली देऊन ठेवली. बेल मारून बाहेर उभी राहू नको, सरळ आत ये म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून असेल. पोळ्यांची दुसरी दोन घरं चालू आहेत.

झिला, हे काम सोडू नको. गॅरेज सोडलंस, कुरियर सोडलंस, चारकोपच्या गाळ्यात शीतलने शब्द टाकून लावलं तेही सोडलंस. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं. तरी सोडलंसच.

रिंग रोज येते. फोन कमरेला खोचून ठेवते मी, थरथरला की कळतं.

आशीर्वाद आहेत, ते मागावे लागत नाहीत.
आई

०

बोगद्याचा कॅम्प
२ जून २०२५

ती. आईला सा. न.

आई, ही नवी कंपनीपण बोगस निघाली. रविवारी मी तुला सांगितलं की मला मोठ्या ड्रिल मशीनवर हेल्पर म्हणून घेतलं, तर तू म्हणालीस त्यावर हळद लाव. मी म्हटलं अगं मशीन, मशीन. तू म्हणालीस गरम पाण्याने शेक. मागे रांगेत देवव्रतदा उभे होते, आमचे ऑपरेटर, ओडिशाचे आहेत. त्यांना मराठी कळत नाही तरी हसायला लागले. मलापण हसू आलं, मग राग आला. एवढी चांगली बातमी मी दगडावर चढून द्यायची आणि तिच्यावर हळद लागायची.

तर आता लिहूनच सांगतो. मी ड्रिलवर हेल्पर आहे. देवव्रतदा शिकवतात. हात फार कोणाला लावू देत नाहीत मशीनला, मला देतात. बोगद्याच्या आत मशीन चालू असली की कानात बोळे घालतो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून काम करतो. आठ तास कोणी कोणाचं ऐकत नाही तरी कोणाचा हात अडकत नाही. मला आवडलंय हे काम. हे वाक्य माझ्या तोंडून तू पहिल्यांदा ऐकतेस. म्हणजे वाचतेस.

कंपनी लगेच बदलता येत नाही, तीन महिने तिथेच राहावं लागतं. मी त्यांच्या तक्रारीच्या नंबरावर लावला होता. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं. गाणं ऐकता ऐकता रांगेतले लोक ओरडायला लागले, मग ठेवून दिला. कंटाळा आलाय यार, एक साधा आवाज मागतोय, तोपण मिळत नाही.

तीन महिने भरले की अनिरुद्धकडे परत जा. आता दुसरी घे. थोडी महाग चालेल, मी पाठवतो.

तुझाच,
सुयोग

०

बोगद्याचा कॅम्प
२८ जुलै २०२५

शीतलताईस सुयोगचा नमस्कार.

तुला पत्र म्हणजे तू घाबरशील, घाबरू नकोस. फोनवर रांगेसमोर हे सगळं बोलता येत नाही म्हणून लिहितोय.

आईने परत कंपनी बदलली. ही तिसरी. त्या छत्रीवाल्याला आता ती तोंडपाठ झाली असेल. आणि ताई, परिस्थिती पहिल्यापेक्षा खराब आहे. आधी मुंगी तरी बोलायची, आता मुंगीपण गेली. मी हॅलो हॅलो करतो आणि ती आपलीच बातमी देत बसते, मध्ये थांबत नाही. भात, इरावतीबाई, चेतनाचं बाळ, मग बरं ठेवते. ठेवते. मी एक शब्द बोललेला नसतो. काल मी मुद्दाम गप्प राहिलो, काहीच बोललो नाही. तरी तिने पूर्ण बोलून, मी जेवलो हे ऐकून बरं वाटलं असं सांगून फोन ठेवला.

रात्रभर एकच डोक्यात. तिला कळतंय की नाही मी आहे तिकडे?

फोनचा डबाच खराब असेल. तू रविवारी जाऊन बघ. तुझ्याकडे जुना टचवाला आहे ना, तो दे तिला. आणि कोणती कंपनी घ्यायची ते तूच ठरव आता. माझं डोकं चालत नाही. इथे चांगलं चाललंय, पण असं वाटतं सगळं टाकून गाडीत बसावं आणि समोर जाऊन एकदा नीट बोलावं तिच्याशी. आमचा फोरमन म्हणतो बर्फ पडून काम बंद होईपर्यंत टिकलास तर पुढच्या सीझनला मशीनवर घेऊ. पण मला ओळखतेस तू.

भाऊजींना नमस्कार. राग आहे का अजून, चारकोपचं काम सोडल्याचा? असला तरी जा तिच्याकडे.

सुयोग

०

चारकोप
१७ ऑगस्ट २०२५

चि. सुयोगला ताईचा आशीर्वाद, आणि राग आहे अजून.

काल आईकडे जाऊन आले. पत्र शांतपणे वाच. दगडावर चढून वाचू नकोस.

तिने दार उघडलंच नाही. मी कडी वाजवली, हाका मारल्या, चेतना बाहेर आली, वरच्या आजी बाहेर आल्या. खिडकीतून बघितलं तर आई आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसलेली. मी खिडकीतून तिच्यासमोर पिशवी फेकली तेव्हा दचकून उठली. मला बघून इतकी खूश झाली, दार उघडून आधी चहाच टाकला.

मग मी बघत राहिले. कुकरने चांगल्या पाच-सहा शिट्ट्या दिल्या, सगळ्या चाळीला ऐकू गेल्या असतील. ती तिथेच उभी होती, विचारत होती हा मेला शिट्टी का देत नाही. मी तिच्या फोनवर माझ्या फोनवरून लावला, तिचा फोन मीच कानाला लावला आणि चेतनाला बोलायला लावलं. सुयोग, आवाज अगदी स्वच्छ येतो. चेतना श्वास घेत होती तेपण येत होतं.

तिन्ही कंपन्या चांगल्या होत्या रे. आईला ऐकू येत नाही.

समोर बसून, तोंडाकडे बघत, सावकाश बोललं तर तिला बरंच कळतं. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मी नंतर विचारलं तर आधी कुकरवर घेतलं, मग कंपनीवर, मग पदराने तोंड पुसत म्हणाली की तिच्या आईचंपण याच वयात असंच झालं होतं. म्हणजे तिला माहीत होतं. बऱ्याच दिवसांपासून. मला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून. मी शपथ मोडली, पाप मला लागू दे.

फक्त बोलण्याचा पॅक घेत राहिली ही बाई, तीनदा.

पालिकेच्या इस्पितळात कान तपासायचा नंबर लावलाय, दिवाळीनंतरचा मिळाला. माझा जुना फोन तिला देते आहे. तू काय करायचं ते तू ठरव, पण घाईने ठरवू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

जप स्वतःला. सांगितलं तर ऐकशील असं नाही.
शीतल

०

बोगद्याचा कॅम्प
३० ऑगस्ट २०२५

आई,

सा. न. वगैरे आज नाही. रागावलोय.

ताईने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. मी इथे दगडावर उभा राहून कंपन्यांच्या नावाने शिव्या घालत होतो, तक्रारीच्या नंबरावर गाणी ऐकत होतो, आणि तुला सगळं माहीत होतं. छत्रीवाल्या पोराचे पाय धरायला हवेत मी. तो तीनतीनदा काय विचारत होता कोणास ठाऊक. मावशी ऐकू येतंय का, हेच विचारत असेल.

तू मला जेवलास ऐकून बरं वाटलं म्हणालीस, तेव्हा मी काही बोललोच नव्हतो आई. किती महिने तू अशी अंदाजाने बोलतेस माझ्याशी? मी आजारी आहे सांगितलं असतं तरी तू बरं वाटलं म्हणाली असतीस.

मी बॅग भरली. फोरमनला अजून सांगितलं नाही. देवव्रतदांना सांगितलं, तर ते मशीनचं ऑइल बघत राहिले. मग म्हणाले की रविवारी कंपनीची गाडी खाली गावात जाते, तिथे नेट लागतं. आधी तोंड बघ आईचं, मग बॅग उचल. म्हणून थांबलोय रविवारपर्यंत. पत्र पोचायच्या आधीच तो रविवार होऊन जाईल. ताईशी बोलून ठेवलंय, ती फोन घेऊन तुझ्याकडे येईल. व्हिडिओ लावू. तुला तोंड दिसलं की कळतं म्हणाली ताई. इथे बोगद्यात आम्ही तेच करतो, मला सवय आहे.

नाहीच कळलं तर मी येतो. मग इकडचं काय व्हायचं ते होवो.

सुयोग

०

मुलुंड कॉलनी
१४ सप्टेंबर २०२५

चि. सुयोगला आईचे आशीर्वाद. रागावलास तरी आशीर्वाद लागतातच.

येऊ नको.

आलास तर काय करणार आहेस? माझ्या कानात बसणार आहेस? मी लपवलं ते का, ते सांगते, मग रागव हवा तेवढा. तुला काम सोडायला नेहमी एक कारण लागतं. या वेळी तुला ते सापडत नव्हतं. पहिल्यांदाच. तुझ्या पत्रात वाचलं ना मी, काम आवडलं म्हणून. मग माझ्या कानांनी कशाला ते कारण पुरवायचं? मी म्हटलं बर्फ पडेपर्यंत कंपनीवर ढकलत राहू. तोवर तू नवीन कंपनी शोधत बसशील. मला काय माहीत तू इतका हट्टी निघशील. बाबांवर गेलास.

आता इतरांनाही सांगून टाकलं. इरावतीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या मला होळीपासून माहीत आहे सुगंधा, किल्ली उगीच दिली का? मी आतून ये ये म्हणून ओरडायची आणि तू जिन्यात उभी. एवढं म्हणून त्यांनी कुकरच्या बाजूला घड्याळ ठेवलं. शिट्ट्या नको मोजू, काट्याकडे बघ. दुसऱ्या घरी मात्र सांगितलं आणि काम गेलं. त्यांना फोन उचलणारी बाई हवी. त्यांचंही खोटं नाही. पाहुणे आले की त्या फोन करायच्या आणि मी आपली चारच पोळ्या लाटून यायची. तिसऱ्या घरी अजून सांगितलं नाही, धीर होत नाही. सांगेन.

छत्रीवाल्याकडे परत गेले होते, शीतल होती सोबत. मी म्हटलं बोलणं काढून टाक, फक्त बघायचं नेट दे. बोलण्याचे पैसे मी का भरू आता. तो पोरगा माझ्या तोंडासमोर वाकून, एकेक शब्द सावकाश बोलला. असा पॅक नाही मावशी, बोलणं सगळ्यांत असतंच, ते आता फुकट आहे. बघ. जे मला ऐकू येत नाही ते फुकट, आणि जे हवं ते महाग. घेतला. महिनाभराचा घेतला, पुढचं पुढे. आणि ऐक, त्याला म्हणे दुसऱ्यांदा आले तेव्हाच कळलं होतं, पण गिऱ्हाइकाला कसं सांगायचं.

आता त्या रविवारचं. तुला वाटलं असेल मला सगळं कळलं, मी मान हलवत होते म्हणून. मला काही कळलं नाही. एक तर तुझा चेहरा मध्येच थांबायचा, तोंड उघडं ते उघडंच, भूत जसं. आणि दुसरं म्हणजे ती दाढी. मेल्या, ती दाढी आहे की करवंदाची जाळी? ओठ कुठे आहेत तुझे? मी नुसती केसांकडे बघत होते. शीतलला वाटलं मी रडते आहे, मी डोळे फाडून बघत होते. शेवटी तू हसलास तेव्हा दात दिसले, तेवढं मला कळलं.

तेवढ्यावर मी मान हलवली. आता खोटं बोलायचं नाही ठरवलंय म्हणून लिहिते.

बॅग रिकामी कर. कपडे दमट होतात भरून ठेवले की.

आई

०

बोगद्याचा कॅम्प
५ ऑक्टोबर २०२५

ती. आईला सुयोगचा सा. न. वि. वि.

बॅग रिकामी केली. कपडे खरंच दमट झाले होते.

दाढी काढली. इथे थंडीत कोणी काढत नाही, सगळे वेड्यात काढत होते. आमच्यातला एक बिहारी कात्री चालवतो, तो म्हणाला गाल फाटतील, तेल लाव. खालचा अर्धा चेहरा गोरा आणि वरचा काळा दिसतोय. देवव्रतदांनी मला ओळखलंच नाही असं नाटक केलं आणि मशीनला हात लावू देईनात, म्हणे हा नवीन पोरगा कोण आला. सगळ्या शिफ्टने मजा घेतली. घेऊ दे.

फोरमनला सांगितलं की बर्फ पडेपर्यंत आहे. त्याने ठीक आहे म्हटलं, वर बघितलंसुद्धा नाही. त्याला वाटलं असेल यात काय सांगायचं. त्याला काय माहीत.

तिसऱ्या घरीपण सांगून टाक आई. गेलं तर गेलं. अशी चोरून पोळ्या लाटत राहिलीस तर दमून जाशील, आणि मी इथे विचार करून दमेन. एवढ्या वर्षांत आपण दोघं त्या फोनवर किती बोललो आणि त्यातलं किती पोचलं, कोणास ठाऊक.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी परत खाली जातोय, तोवर हे पत्र पोचेल. चहाच्या टपरीसमोर तोंडावर ऊन येईल असा बसणार आहे. फोन हातभर लांब धर, नाकाला चिकटवू नकोस, मागच्या वेळी मला तुझं कपाळच दिसत होतं. मी सावकाश बोलेन. ओठ नीट हलवेन, बोगद्यात हलवतो तसे. चेहरा थांबला तर घाबरू नकोस, मी परत लावेन. तिथला दुकानदार ओळखीचा झालाय, तो हाकलत नाही.

तुला सोपं जावं म्हणून मी पहिलं वाक्य काय बोलणार ते आत्ताच लिहून ठेवतो. आरशासमोर उभी राहून तू बोलून बघ, ओठ कसे हलतात ते. पहिलं वाक्य असेल, आई, मी जेवलो, तू जेवलीस का.

दुसरं लिहीत नाही. ते तोंडाकडे बघून तूच वाच.

तुझा,
सुयोग